जुबाला स्टोअरकीपर मिळत नाहीत का?

पत्र थोडक्यात असं : नाशिकच्या शरणपूर रोड भागातली २६ वर्षांची वाचक. बी.कॉम. झाली आणि गेली पाच वर्षं अंबडच्या एका कारखान्यात स्टोअर्स आणि डिस्पॅच बघते. घरी आईवडील, धाकटा भाऊ इंजिनिअरिंगला. कुटुंब ख्रिस्ती, तीन पिढ्या एकाच चर्चमध्ये जाणारं. गेल्या वर्षी चर्चमध्ये एक पाहुणे आले होते. त्यांनी दक्षिण सुदानमधल्या निर्वासितांच्या छावण्यांचे फोटो दाखवले. “त्या रात्री मला झोप लागली नाही. देव मला तिकडे बोलावतोय याची मला खात्री आहे.” पण पुढचं सगळं अडलंय. मोठ्या ख्रिस्ती मदतसंस्थांकडे तिने चाळीसेक अर्ज केले. दोन ठिकाणांहून छापील नकार, बाकीच्यांकडून काहीच नाही. “देवाची इच्छा नसेल का?” असा प्रश्न तिला पडलाय. एक एजंट टुरिस्ट व्हिसावर आफ्रिकेत दोन महिन्यांचं ‘व्हॉलंटिअर प्लेसमेंट’ देतो म्हणतो, एका अनाथाश्रमात. मागतो १ लाख ८० हजार. त्यातले दहा हजार तिने भरलेत. चर्चमधली वडीलधारी बायबल कॉलेज सुचवतात, मैत्रीण एमएसडब्ल्यू कर म्हणते. आई म्हणते, “इथे काय दुःख कमी आहे?” आणि स्थळं बघते. “नट-बोल्ट मोजण्यात माझं आयुष्य चाललंय. सुरुवात कुठून करू?”

*

आधी त्या दहा हजारांचं बोलू. बाकीचं सहा महिने थांबलं तरी बिघडत नाही, हे थांबायचं नाही. उरलेले एक लाख सत्तर हजार देऊ नकोस. भरलेले दहा हजार परत माग, आणि तेही फोनवर गोड बोलून नाही, लेखी. पावती, यूपीआयचा स्क्रीनशॉट, त्याचे सगळे मेसेज एका जागी ठेव. त्याने दाद दिली नाही तर ग्राहक आयोग आहे. पैसे मिळतीलच असं नाही. पण दहा हजारांवर निभावलं तर स्वस्तात सुटलीस म्हणायचं.

नोकरी देणारी मदतसंस्था उमेदवाराकडून पैसे घेत नाही. नोंदणीचे नाहीत, मुलाखतीचे नाहीत, ‘फाइल पुढे सरकवायचे’ तर नाहीतच. परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्या एजंटाला परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी करावी लागते आणि ती आहे की नाही हे ई-मायग्रेटच्या वेबसाइटवर बघता येतं. तुझा एजंट ‘नोकरी’ हा शब्दच काढत नाही, ‘व्हॉलंटिअरिंग’ म्हणतो आणि टुरिस्ट व्हिसा काढून देतो, यातच काय ते आलं. शिवाय तिथे जाऊन करायचं काय, तर अनाथाश्रमातल्या मुलांशी खेळायचं. दर दोन महिन्यांनी एक नवी ताई येणार, कडेवर घेणार, लळा लावणार आणि विमानात बसून निघून जाणार. त्या मुलांच्या जागी स्वतःला ठेवून बघ. अशा आश्रमांतल्या कितीतरी मुलांचे आई किंवा वडील हयात असतात, गरिबीपायी मुलं तिथे आलेली असतात, आणि काही ठिकाणी तर पैसे मोजणाऱ्या पाहुण्यांसाठी ती तिथेच ठेवली जातात. चर्चची मंडळी स्वखर्चाने आठ-दहा दिवस मिशनच्या दौऱ्यावर जातात, ती गोष्ट वेगळी. तिथे निदान कोणी ‘करिअर’ विकत नसतं.

आता पाचारणाकडे, म्हणजे देवाच्या त्या बोलावण्याकडे येते. मी तुझ्या धर्माची नाही, त्यामुळे तुला ऐकू आलेली हाक कुणाची, हे ठरवायचा मला अधिकार नाही. ते तू तुझ्या पाळकांशी बोल, प्रार्थनेत शोध. मात्र चाळीस अर्जांना उत्तर आलं नाही यातून देवाची इच्छा वाचायला जाऊ नकोस. हल्ली कुठलाच एचआर विभाग कुणालाच उत्तर देत नाही. बँकेत अर्ज केलेल्या माझ्या भाचीला विचार. पाचारण तुझ्या मनात झालं. भरती करणाऱ्याला मन दिसत नाही, दोन पानांचा सीव्ही दिसतो. तो तू पत्राला जोडलास हे फार बरं केलंस. त्यात पहिल्या परिच्छेदात ‘गरजूंच्या सेवेची तीव्र तळमळ’ आहे, दुसऱ्यात तुझी साक्ष, म्हणजे श्रद्धेचा अनुभव आहे, तिसऱ्यात चर्चच्या यूथमधली पदं आहेत. पाच वर्षांची नोकरी शेवटच्या पानावर एका ओळीत उरकली आहेस : ‘स्टोअर्स असिस्टंट, खासगी कंपनी.’

पत्रात मात्र तक्रार करता करता सगळं सांगून गेलीस. २,४०० आयटम. माल उतरला की जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, मग प्रत्येक खणाचं बिन कार्ड. रबर सील आणि चिकटवायच्या द्रव्यांना एक्स्पायरी असते म्हणून आधी आलेला माल आधी काढायचा, आणि नवा शिपाई नेमका पुढचा डबा उचलतो म्हणून त्याच्यामागे ओरडायचं. गाडी गेटवर उभी आणि माल न्यायला लागणारं ई-वे बिल अडकलंय, तेव्हा ड्रायव्हरला चहा पाजून थांबवून ठेवायचं. वार्षिक स्टॉक टेकिंगमध्ये फरक अर्ध्या टक्क्याच्या आत. ह्याला तू ‘नट-बोल्ट मोजणं’ म्हणतेस?

मला किल्लारी आठवते. ३० सप्टेंबर १९९३. विसर्जनाची रात्र सरून पहाट व्हायची होती तेव्हा भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद मिळून दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. मी कॉलेजात होते; आठवड्याभराने एनएसएसच्या मुलामुलींबरोबर तिथे पोचले. मी काय केलं म्हणशील, तर रडले. बायकांच्या गळ्यात पडून रडले. एका पत्र्याच्या शेडपुढे ट्रक येऊन रिकामे होत होते : जुने कपडे, त्यात सूटाच्या पँटी, नायलॉनच्या साड्या, उंच टाचांच्या चपला. ढीग तसेच चिखलात. आणि त्या ढिगांशेजारी खोक्यावर बसून एक गृहस्थ जाड पुठ्ठ्याच्या वहीत लिहीत होते. एसटीच्या डेपोतल्या स्टोअरमधून रिटायर झालेले. किती ताडपत्र्या आल्या, किती गेल्या, कुठल्या वस्तीला, सही कुणाची. त्यांनी माझ्याकडे बघितलं, कानामागची पेन्सिल काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, “पोरी, त्या कोपऱ्यातले रॉकेलचे डबे मोज.” तीन दिवस मी मोजत होते. दुसऱ्या दिवशी त्या वहीवरूनच कळलं की रस्त्याकडेच्या दोन गावांना ताडपत्री दोनदा मिळाली आहे आणि आतल्या एका वस्तीवर एकही गेलेली नाही. माझ्या रडण्यातून हे कुणाला कळलं नसतं.

मी मिशनच्या शाळेत शिकले. चांगल्या शोमरोनी माणसाची गोष्ट आम्हाला नीतिपाठाच्या तासाला असायची. तुला ती पाठच असेल. लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेल्या वाटसरूला तो शोमरोनी आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो, दुसऱ्या दिवशी मालकाला दोन नाणी देतो आणि म्हणतो, याची काळजी घे, जास्त खर्च झाला तर परत येताना देईन. चित्रात नेहमी शोमरोनी आणि जखमी. मला मात्र पुढे पुढे त्या उतारशाळेच्या मालकाबद्दल कुतूहल वाटायला लागलं. पुढचे दिवस पट्ट्या त्यानेच बदलल्या असणार, पेज त्यानेच भरवली असणार. आणि जास्तीचे पैसे परत मिळायचे होते म्हणजे खर्चही लिहून ठेवला असणार.

तू तर शरणपूरच्या बाजूची. एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीने शरणपुरात आफ्रिकन मुलांसाठी आश्रम चालवला होता. अरबी समुद्रात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली मुलं तिथे लिहायला-वाचायला आणि हातकाम शिकली. इंग्रज त्यांना ‘नासिक बॉइज’ म्हणत. त्यातला एक जेकब वेनराइट. तो पुढे आफ्रिकेत डेव्हिड लिव्हिंग्स्टन या मिशनरी शोधप्रवाशाच्या तांड्यात होता. मे १८७३ मध्ये आजच्या झांबियातल्या एका खेड्यात लिव्हिंग्स्टन वारला, तेव्हा सोबतच्यांनी त्याचा देह समुद्रकिनाऱ्यापर्यंत न्यायचं ठरवलं. कित्येक महिन्यांची पायपीट, वाटेत आजार, अडवणूक. पुढच्या एप्रिलमध्ये लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं तेव्हा वेनराइट तिथे हजर होता. ही वीरकथा सगळे सांगतात. पण निघायच्या आधी त्यांनी काय केलं? मृताच्या पेट्या सर्वांसमक्ष उघडल्या आणि आत काय काय आहे याची यादी केली, पुढे कुणावर आळ येऊ नये म्हणून. यादी लिहिली शरणपुरात शिकलेल्या वेनराइटने. तुझ्या भाषेत, स्टॉक घेतला.

एवढं चढवलं, आता खाली उतरवते. जुबा ही दक्षिण सुदानची राजधानी. जुबाला स्टोअरकीपर मिळत नाहीत का?

मिळतात. चांगले मिळतात. जगभरच्या मदतकार्यात राबणारी बहुसंख्य माणसं त्या त्या देशातलीच असतात. त्यांना भाषा येते, रस्ते ठाऊक असतात, कुठल्या नाक्यावर कुठला गट उभा असतो ते कळतं. नाशिकहून विमानाचं तिकीट काढून तुला तिथे नेलं, राहायला जागा दिली, विमा उतरवला, तर संस्थेला त्याच्या मोबदल्यात असं काही हवं असतं जे तिथे पटकन मिळत नाही. तुझ्या पत्रात ‘त्यांना माझी गरज आहे’ असं तीनदा आलंय. कशासाठी गरज आहे, हे एकदाही आलेलं नाही. मला वाटतं चाळीस अर्ज तिथे अडलेत.

दक्षिण सुदानचंच घे. पावसाळ्यात तिथले बरेचसे कच्चे रस्ते बंद होतात, मग धान्य विमानातून टाकायची पाळी येते, आणि ते फार महाग पडतं. म्हणून कोरड्या दिवसांत, पाऊस सुरू व्हायच्या आत, दूरदूरची गोदामं भरून ठेवावी लागतात. आपल्याकडे मेळघाटात किंवा धडगावच्या डोंगरात पावसाळ्याआधी रेशनचं धान्य पोचवतात, तसंच, फक्त कितीतरी मोठ्या प्रमाणावर. कुठल्या गोदामात किती महिन्यांचं धान्य, कुठल्या दवाखान्यात किती लस, ती २ ते ८ अंशांत कशी ठेवायची, जनरेटरचं डिझेल कुठून, सीमेवर अडकलेला कंटेनर कसा सोडवायचा. परदेशी माणूस नेमतात तो चार-पाच ठिकाणच्या अशा साखळीवर देखरेख करायला, तिथल्या माणसांना तयार करायला, देणगीदाराला हिशोब द्यायला. अशा पदांच्या जाहिरातीत मदतकार्याचा दोनेक वर्षांचा अनुभव सर्रास मागतात. तू आत्ता स्टोअर चालवतेस. तुला साखळी चालवता यायला हवी.

म्हणजे अनुभवाशिवाय नोकरी नाही आणि नोकरीशिवाय अनुभव नाही. या कोड्याची किल्ली आपल्याच देशात आहे. ख्रिस्ती मदतकार्याची भारतात चांगली जुनी परंपरा आहे. फाळणीच्या निर्वासितांसाठी १९४७ साली उभी राहिलेली ‘कासा’, १९६२ ची कॅरिटास इंडिया, १९६७ ची एफिकोर. आसाम-बिहारचे पूर, ओडिशाची वादळं, केरळचा २०१८ चा पूर, असल्या वेळी यांची माणसं जागेवर असतात, आणि आपत्तीच्या काळात काही महिन्यांच्या करारावर माणसं घेतली जातात. परदेशातल्या चाळीस दारांवर टकटक केलीस, इथल्या एकाही नाही. का गं? फोटोतली माणसं दूरची होती म्हणून? हे टोचून विचारत नाही. दूरचं दुःख स्वच्छ दिसतं, त्यात आपले नातेवाईक नसतात, आपली जातपात नसते, आपलं नगरसेवकाशी झालेलं भांडण नसतं. मलाही तसंच होतं. पण बिहारमधल्या बंधाऱ्यावर तीन महिने काढून आलीस की तुझ्या सीव्हीतली एक ओळ तुझ्या सगळ्या तळमळीपेक्षा जड भरेल. आणि तुझं तुलाही कळेल की उकाड्यात, अर्धवट झोपेत, कुणीही आभार न मानता हे काम तुला रोज करावंसं वाटतं की नाही.

नोकरी लगेच सोडू नकोस. आधी कंपनीत इम्पोर्ट-एक्स्पोर्टच्या टेबलावर बदली मागून बघ. न्हावाशेवाचं कस्टम्स क्लिअरन्स ज्याला कळतं त्याला केनियातल्या मोम्बासा बंदराचं समजायला वेळ लागत नाही. ते जमलं नाही तर ओझर-पिंपळगावकडे द्राक्ष निर्यातीची पॅकहाउसेस आहेत. हंगामात प्रीकूलिंगपासून रीफर, म्हणजे थंड ठेवणाऱ्या कंटेनरपर्यंत तापमान कसं राखतात हे ज्या मुलीने एका सीझनमध्ये हाताळलं, तिला लशींची शीतसाखळी परकी वाटणार नाही. मुलाखतीत हे सांगितलंस तर समोरचा माणूस पहिल्यांदा कागदावरून मान वर करेल.

शिकायचं म्हणशील तर लाखभर रुपये लागत नाहीत. ‘काया’ आणि ‘डिझास्टररेडी’ या दोन ठिकाणी मदतकार्याचे ऑनलाइन अभ्यासक्रम फुकट आहेत, लॉजिस्टिक्सचेही. पुण्यात रेडआर इंडिया आहे. पाणी, स्वच्छता, सुरक्षितता यांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण देते. नोकऱ्यांच्या जाहिराती ‘रिलीफवेब’वर येतात, त्या अर्ज करण्यासाठी नाही, अभ्यासासाठी वाच. लॉजिस्टिक्सच्या वीस जाहिराती काढ आणि प्रत्येकीत काय मागितलंय ते एका तक्त्यात लिही. तुझ्यासारखीला हे सांगायला नकोच. दक्षिण सुदानची राजभाषा इंग्रजी आहे, तिथे तुझं भागेल. पण काँगो, चाड, मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक यांना फ्रेंच लागते, सीरिया-येमेन-सुदानला अरबी. दोन वर्षांत फ्रेंच नीट बोलायला शिकलीस तर तुझ्यापुढची रांग एकदम अर्ध्यावर येईल.

आणि मदतकार्याचे किमान निकष सांगणारी ‘स्फिअर’ची हँडबुक डाउनलोड करून घे, फुकट आहे. छावणीत माणशी रोज किमान १५ लिटर पाणी, एका नळावर जास्तीत जास्त २५० माणसं, २० माणसांमागे एक संडास, माणशी साडेतीन चौरस मीटर छप्पर, असे आकडे त्यात आहेत. ते पाठ करून मग येत्या सिंहस्थाची तयारी बघ. हसू नकोस. तपोवनात साधुग्राम उभं राहतं तेव्हा मोकळ्या जमिनीवर काही महिन्यांत अख्खं शहर वसवतात : तंबू, नळ, संडास, कचरा, हरवलेली माणसं, गर्दीचे रस्ते. देव वेगळे असतील, नळाचं गणित तेच. जिल्ह्याचं आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण आहे, ‘आपदा मित्र’ नावाने स्वयंसेवकांना प्रशिक्षण देण्याची योजना आहे. नाव नोंदवता आलं तर नोंदव. शिवाय दर एक-दोन वर्षांनी गोदावरी, नाशिककर ज्याच्यावरून पूर मोजतात त्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेच्या वर चढतेच.

आता जरा अवघड भाग. तुला ‘ख्रिस्ती’ मदतकार्य का करायचंय?

संस्था एका छापाच्या नाहीत. ख्रिश्चन एडसारख्या काही संस्था चर्चच्या असल्या तरी बहुतेक जागांवर कुठल्याही धर्माचा माणूस घेतात. कॅरिटासच्या कुटुंबातही पुष्कळदा तसंच. टिअरफंड, सॅमॅरिटन्स पर्स अशा ठिकाणी तुझी श्रद्धा हीसुद्धा एक अट असते. श्रद्धेचं निवेदन, पाळकांचं पत्र मागतात. तिसरा प्रकार मिशनच्या संस्थांचा, तिथे पगार नसतो, आपला खर्च आपणच चर्च आणि मित्रांकडून उभा करायचा असतो. या तिसऱ्या वाटेने जाणारे पुष्कळ निष्ठावंत असतात. पण भावाची फी आणि घराचा हप्ता तू भरतेस असं पत्रात आहे, तेव्हा आधी चर्चच्या खजिनदारांबरोबर बसून आकडे मांड.

आणि १९९४ साली रेडक्रॉस आणि स्वयंसेवी संस्थांनी मिळून एक आचारसंहिता केली. कॅरिटास आणि लुथरन वर्ल्ड फेडरेशन या ख्रिस्ती संस्थाही ती करण्यात होत्या. तिचं तिसरं कलम सांगतं की मदतीचा वापर कुठल्याही राजकीय किंवा धार्मिक मताच्या प्रसारासाठी व्हायचा नाही. म्हणजे ताडपत्री देताना हातात पत्रक द्यायचं नाही, प्रार्थनेला येणाऱ्याला आधी आणि न येणाऱ्याला नंतर असं करायचं नाही. पत्रात एका ठिकाणी तू ‘त्यांच्यापर्यंत मदत आणि शुभवर्तमान दोन्ही पोचवायचं आहे’ असं लिहिलंस. तुझी भावना मी समजू शकते, पण उपाशी माणसापुढे ताट धरलेलं असताना तो ‘हो’ म्हणतो त्या ‘हो’ची किंमत किती, याचा विचार तू कर. मुलाखतीत हा प्रश्न हमखास येतो. चुकीचं उत्तर तुझ्यापेक्षा तिथल्या सहकाऱ्यांना महागात पडू शकतं. तुला मुळात धर्मप्रचार करायचा असेल तर तो वेगळा पेशा आहे, त्याची संस्था वेगळी, तयारी वेगळी, आणि तिथे बायबल कॉलेज योग्यच. मदतकार्य करायचं असेल तर बायबल कॉलेजने श्रद्धा पक्की होईल, नोकरी लागणार नाही. एमएसडब्ल्यू वाईट नाही, पण तुझी पाच वर्षं बाजूला ठेवून शून्यापासून सुरुवात कशाला? लेकरांचं संरक्षण, समुपदेशन याकडे मन ओढत असेल तर कर. पत्रात तसं काही दिसलं नाही.

वेळही बरी नाही, हे सांगितलं नाही तर मी तुला फसवलं असं होईल. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेने परदेशी मदत थांबवली आणि जुलैपर्यंत ती मदत वाटणारी यूएसएड ही सरकारी संस्थाच परराष्ट्र खात्यात विलीन झाली. त्या पैशावर चालणाऱ्या कित्येक संस्थांनी, त्यात मोठ्या ख्रिस्ती संस्थाही आल्या, माणसं कमी केली. म्हणजे तू अर्ज करतेस त्याच जागेसाठी दहा-पंधरा वर्षांचा अनुभव असलेली माणसं अर्ज करताहेत. तुझे चाळीस अर्ज नेमके या काळात गेले. म्हणून मी म्हणते, परदेशी जायला दोन-तीन वर्षं लागतील असं धर. तोवर तुझी तयारी होईल.

राहिली आई. “इथे काय दुःख कमी आहे?” हे वाक्य मी पुष्कळांच्या तोंडून ऐकलंय आणि त्यातले बहुतेक इथल्या दुःखासाठीही काडी हलवत नाहीत. तुझ्या आईचं तसं नाही. कोविडात मागच्या चाळीत दोन महिने डबे दिले म्हणालीस. म्हणजे ती हे अधिकाराने बोलते. पण मला वाटतं त्या वाक्याच्या आत दुसरंच काही आहे. तिला भीती वाटते, आणि भीती वाटते असं म्हणायची आपल्या आयांना सवय नसते.

भीती खोटीही नाही. २०२४ या एका वर्षात जगभरात ३८३ मदतकर्मी मारले गेले, त्यातले बहुतेक स्थानिक. हा आकडा आईपासून लपवू नकोस. उद्या टीव्हीवर बघून कळण्यापेक्षा तू सांगितलेलं बरं. सोबत हेही सांग की कुठल्याही संस्थेला तू काय विचारणार आहेस : विमा किती, आजारी पडले किंवा गोळीबार झाला तर बाहेर कोण काढणार, जायच्या आधी सुरक्षेचं प्रशिक्षण देता का, किती आठवड्यांनी सुट्टी, परत आल्यावर मनाच्या डॉक्टरची सोय आहे का. याची नीट उत्तरं न देणाऱ्या संस्थेत जाऊ नकोस, तिच्या नावात कितीही पवित्र शब्द असोत. आईला परवानगी मागायला बसू नकोस, माहिती द्यायला बस. बाबा पत्रात कुठेच नाहीत, त्यांनाही बसव.

लग्नाचं एवढंच म्हणते की अशा बऱ्याच ठिकाणी कुटुंब नेता येत नाही, तेव्हा येणाऱ्या मुलाला पहिल्या भेटीतच सगळं सांग. तो आणि त्याची आई उठून गेली तर पोह्यांचं नुकसान, बाकी काही नाही.

आत्ता लगेच काय करशील? सीव्हीतली तळमळ दोन ओळींवर आण आणि ते २,४०० आयटम, अर्धा टक्का, एक्स्पायरी, ई-वे बिल हे पहिल्या पानावर घे. नवा सीव्ही मला पाठव, मी वाचेन. आणि मे महिन्यात एखादा रविवार उपासना झाल्यावर मोकळा काढ. पेठ किंवा सुरगाण्याच्या बसमध्ये बस. पावसाळ्यात तिथे धो धो कोसळतं आणि उन्हाळ्यात कितीतरी पाड्यांवर बायका विहिरीच्या तळाशी उतरून वाटीने पाणी भरतात, हे तू बातम्यांत वाचलं असशीलच. ओळखीच्या कुणाला तरी सोबत घे, फोटो काढू नकोस, कुणाच्या गळ्यात पडू नकोस. एखाद्या घरी ओट्यावर बस, त्या बाईशी बोल, जमलं तर तिच्याबरोबर एक खेप कर. त्या घरात माणसं किती, दिवसाला हंडे किती येतात आणि एका हंड्यात किती लिटर मावतं, ते वहीत लिही. माणशी किती पडलं, मला कळव.